बोलके आणि लिहिते

"पाठीला पाठ लावून बसा दोघं. आणि मागे वळून बघायचं नाही हं, कॉपी चालणार नाही!" कॅप्टन म्हणाली, तशा सगळ्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या.

बोलके निमूटपणे बसले. लिहिते आधीच बसले होते. त्यांच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट होता, कारण आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता आणि शेवटच्या दिवशी माणसाला मुकुट घालायचा अशी इथे नवी रीत पडली होती. दोघांच्या हातात एकेक पांढरी पाटी आणि मार्कर. कॅप्टन लिहित्यांबद्दल प्रश्न विचारणार, दोघांनी उत्तर लिहून एकदम पाट्या वर करायच्या, उत्तरं जुळली की बोलक्यांना एक गुण. हा खेळ म्हणे नव्याने लग्न झालेल्यांना खेळायला लावतात. "पण आपल्याकडचं सगळ्यात जुनं जोडपं तुम्हीच ना काका," असं म्हणत कॅप्टनने तो या दोघांच्या गळ्यात मारला होता.

ही पाण्याचे मीटर तपासायची कार्यशाळा. घराघरांतले बंद पडलेले, उगाच जोरात पळणारे, रडतखडत फिरणारे मीटर इथे यायचे, दुरुस्त व्हायचे आणि तपासून परत जायचे. बेंचवर आठ मीटर ओळीने बसवायचे, त्यांतून मोजून शंभर लिटर पाणी सोडायचं, आणि पाणी सोडण्याआधी एकदा, नंतर एकदा प्रत्येकाचा आकडा वाचायचा. वाचून मोठ्याने बोलायचा तो बोलका आणि ऐकून लिहायचा तो लिहिता. कुणीतरी थट्टेने ठेवलेली ही नावं अशी काही चिकटली, की नव्याने लागलेली पोरं कित्येक महिने तीच यांची आडनावं समजत. बोलके तर स्वभावाने अगदी घुमे. बेंचपासून दूर झाले की दिवसभरात दहा वाक्यं तोंडातून निघाली तर डोक्यावरून पाणी.

"पहिला प्रश्न! लिहिते काका चहा कसा घेतात?"

हे सोपं होतं. दिवसातून दोनदा, समोरासमोर बसून, सव्वीस वर्षं दोघांनी चहा प्यायला होता. बोलक्यांनी लिहिलं, 'साखर जास्त.'

"बोलके काका म्हणतात साखर जास्त, आणि लिहिते काका म्हणतात..." कॅप्टनने दुसरी पाटी वाचली आणि डोळे विस्फारले. "बिनसाखरेचा!"

"सहा वर्षं झाली सोडून," लिहिते पाठीमागून म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं."

पोरं हसली. दुसरा प्रश्न आला, लिहित्यांना कशाची भीती वाटते. बोलक्यांनी बराच विचार करून 'उशिराची' असं लिहिलं. लिहित्यांचं उत्तर 'लिफ्ट' निघालं. तिसरा प्रश्न, रिटायर झाल्यावर काय करायचं मनात आहे. बोलक्यांनी 'आराम' लिहिलं. लिहित्यांनी 'पोहायला शिकणार' लिहिलं, तेव्हा मात्र सगळा हॉल खो-खो हसत सुटला. जन्मभर पाण्यात हात घालून बसलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे कळल्यावर कोण हसणार नाही? बोलकेही थोडं हसले. तीन प्रश्न, शून्य गुण.

"अहो काका, अब्रू घालवताय! आता अगदी सोप्पा देते. लिहिते काकांना मुलं किती?"

बोलक्यांनी लगेच 'एक' लिहिलं. मुलगा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो परगावी असतो आणि त्याची बदली झाली तेव्हा लिहित्यांनी अर्धा दिवस रजा घेतली होती. त्यांनी पाटी वर केली.

"बोलके काका, एक. लिहिते काका... दोन!" कॅप्टनने कपाळावर हात मारून घेतला. "हेसुद्धा नाही? सव्वीस वर्षं तुम्ही दोघं नुसते मीटरच वाचत बसलात का हो? लिहिते काका, एक तो परगावी असतो तो. आणि दुसरं काय करतं?"

"मुलगी होती," लिहिते म्हणाले. "नऊ वर्षांची असताना गेली."

बेंचवर आकडा परत म्हणताना त्यांचा जो आवाज असायचा, तोच हा आवाज होता. वर नाही, खाली नाही. बोलक्यांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पाठ लागत होती, डाव्या खांद्याचं हाड जरा टोचत होतं. ती पाठ जराही हलली नाही.

कुणाच्या तरी फोनवर गाणं चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. कॅप्टनच्या हातात प्रश्नांची कार्डं होती. ती तिने एकदा सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

"सॉरी काका. मला खरंच माहीत..."

"अहो, सॉरी कसलं? किती वर्षं झाली त्याला. विचारा पुढचा. केक कापायचाय ना?"

आणि त्या पोरीला दुसरं काही सुचेना म्हणून तिने खरंच हातातलं पुढचं कार्ड वाचलं. "आवडता रंग?"

दोघांनी लिहिलं. दोघांनी पाट्या वर केल्या. दोन्हींवर 'निळा' होतं. लिहिते आयुष्यभर निळ्या शाईने लिहीत आले, तेव्हा बोलक्यांनी आपलं अंदाजाने ठोकून दिलं होतं. जुळलेलं हे पहिलंच उत्तर. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मग एकाने वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनीच वाजवल्या. बोलक्यांना एक गुण मिळाला.

केक कापला गेला. बोलक्यांनी आपला तुकडा उभ्या उभ्या संपवला. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, हे त्यांना समजत होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं, तसं त्यांचं झालं होतं.

त्यांच्या काळात इथे अशा पाट्या नव्हत्या, मुकुट नव्हते आणि हसणं तर मुळीच नव्हतं. एक जुने साहेब होते. नवा माणूस कामावर आला की ते त्याला पहिल्याच दिवशी सांगत, "घर फाटकाबाहेर ठेवून यायचं आणि जाताना उचलून न्यायचं." लोक तसंच करत. एकमेकांना अहो-जाहो, फार तर नमस्कार, आणि रजेच्या अर्जावर 'घरगुती कारणास्तव' हे दोन शब्द. कोणतं कारण, हे साहेबही विचारत नसत. बोलक्यांना हा कारभार मनापासून मानवला. त्यांच्या घरी लहानपणी सगळेच सगळ्यात नाक खुपसत आणि मग रोज भांडणं होत. कुणी काही विचारत नाही अशी जागा जगात असते, हे त्यांना इथे येऊन कळलं होतं.

बेंचवरची शिस्तही तशीच. आकडे सुटे बोलायचे. चार हजार सत्तावीस म्हणायचं नाही, कारण पाण्याच्या आवाजात सत्तावीस आणि सदतीस सारखेच ऐकू येतात. म्हणायचं, चार, शून्य, दोन, सात. लिहित्यांनी ते परत म्हणायचं. बोलक्यांनी 'बरोबर' म्हणायचं. मगच पेन कागदाला लागायचं. दिवसाला सत्तर-ऐंशी मीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास आकडे. इतकं बोलणं बायकोशीही झालं नसेल.

तीन वर्षांपूर्वी कार्यशाळा नव्या कंपनीकडे गेली. भिंती पिवळ्याधमक झाल्या. जुन्या साहेबांची केबिन पाडून तिथे टेबल टेनिस आलं. शंभर मीटर झाले की घंटा वाजवायची, ज्याची शंभरी आधी होईल त्याने उरलेल्यांना नाचायला लावायचं. वरिष्ठालाही अरे-तुरे करायचं. कॅप्टन सगळ्यांची वरिष्ठ, वय सत्तावीस. पोरं तिला "ए कॅप्टन" अशी हाक मारत आणि ती "ओ" देई. बोलके तिला मॅडम म्हणत. कामात ही पोरं कच्ची असतील आणि आपल्याला नावं ठेवता येतील, अशी बोलक्यांना पहिल्या वर्षी आशा होती. पण ती पोरं खिदळत खिदळत चोख काम करायची. त्यांच्या बेंचना कॅमेरे होते, आकडा आपोआप वाचला जायचा आणि आपोआप लिहिला जायचा. जुन्या पितळी मीटरांची काच धुरकट, ती कॅमेऱ्याला वाचता येईना, म्हणून तेवढा एक बेंच या दोघांकडे उरला होता. आता लिहिते चालले म्हटल्यावर तोही उद्यापासून बंद. बोलक्यांना रिटायर व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. ती तक्रारीच्या खिडकीवर काढायची असं ठरलं होतं.

केकच्या प्लेटा गोळा करता करता कॅप्टन त्यांच्याजवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"काका, मी मूर्ख आहे."

"नाही हो मॅडम."

"तुम्हाला पण माहीत नव्हतं?"

"नाही."

"पण असं कसं होईल? तुम्ही तर रोज बरोबर असता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं. "मला इथल्या प्रत्येकाचं माहितेय. कुणाची आई आजारी आहे, कुणाचं ब्रेकअप झालंय. ते काय मी मुद्दाम काढून घेत नाही. पोरं बोलतात, मी ऐकते."

"आमच्यात विचारायची पद्धत नव्हती," बोलके म्हणाले.

"मी असते तर पहिल्या दिवशीच विचारलं असतं."

"हो. तुम्ही विचारलं असतंत."

यात उपरोध नव्हता. तिने विचारलं असतं हे खरंच होतं. कॅप्टन प्लेटा घेऊन गेली.

लिहिते बेंचवर जाऊन बसले होते. मुकुट काढून त्यांनी तो पाण्याचे थेंब उडणार नाहीत अशा बेताने बाजूला ठेवला होता. आठ मीटर बाकी होते. कुणी केले नसते तरी चाललं असतं, पण अर्धवट टाकून जायची दोघांना सवय नव्हती. बोलक्यांनी वाचायला सुरुवात केली. लिहिते परत म्हणत गेले. पाचव्या मीटरला बोलक्यांना ती रजा आठवली.

एकवीस वर्षांपूर्वी लिहित्यांनी अकरा दिवस रजा घेतली होती. घरगुती कारणास्तव. त्या अकरा दिवसांत दुसरा माणूस मिळाला नाही, तेव्हा बोलके स्वतःच वाचत, स्वतःच परत म्हणत, स्वतःच 'बरोबर' म्हणत आणि स्वतःच लिहीत. तरी चारशेवर मीटर तुंबले. लिहिते परत आले तेव्हा जरा वाळले होते. बोलके त्यांना "बसा" म्हणाले आणि पहिला मीटर वाचायला घेतला. त्यानंतर महिनाभर दोघं जादा वेळ थांबले आणि तुंबलेलं काम उपसलं. हे सगळं बोलक्यांना स्वच्छ आठवत होतं. तुंबलेल्या मीटरांचा ढीग कुठल्या भिंतीला लावला होता तेही आठवत होतं.

"सात, सात, एक, नऊ," ते म्हणाले.

"सात, सात, एक, नऊ," लिहिते म्हणाले.

"बरोबर."

साडेपाचला दोघं फाटकापाशी आले. लिहित्यांच्या हातात पोरांनी दिलेलं पोहण्याच्या चष्म्याचं खोकं होतं. कुणीतरी घाईघाईने दुकानात पळून ते आणलं होतं. बोलके डावीकडे वळायचे, लिहिते उजवीकडे.

"येतो," लिहिते म्हणाले.

"या," बोलके म्हणाले.

घरी आल्यावर बोलके बराच वेळ खुर्चीत तसेच बसून राहिले. बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत होती. सून आणि मुलगा कामावरून यायचे होते. बोलक्यांनी मोजे काढले, ते बुटात कोंबले आणि म्हणाले, "आज एक कळलं. लिहित्यांना एक मुलगी होती. लहानपणीच गेली."

बायकोने वर बघितलं. हातातला शर्ट तसाच राहिला.

"आज कळलं?"

"आज. त्या खेळात."

"अहो, असं काय करताय? नऊ वर्षांची होती. ताप डोक्यात गेला, तीन दिवसांत संपलं सगळं. आपल्या पोराच्याच शाळेत होती की, त्याच्या खाली दोन वर्ग. शाळा लवकर सोडली होती त्या दिवशी."

"तुला कसं माहीत?"

"मी गेले नव्हते का भेटायला? शेजारच्या काकूंबरोबर. आल्यावर तुम्हाला सांगितलं. इथेच बसला होतात तुम्ही." बायकोने शर्ट मांडीवर ठेवला. "तुम्ही म्हणालात, त्यांनी मला सांगितलेलं नाही, तेव्हा मला माहीत नाही. आणि मला दम भरलात, पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही. चुकून एखाद्या दिवशी माझ्या तोंडून निघून जाईल, म्हणालात."

वाक्य त्यांचंच होतं. अगदी त्यांच्याच तोंडचं, जुन्या साहेबांच्या तालमीत घोटलेलं. ते आपण बोललो असणार यात त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. फक्त त्यांना ते आठवत नव्हतं. ती संध्याकाळ, ती खुर्ची, बायको बाहेरून आली, काय बोलली, यातलं काही म्हणता काही सापडेना. मला माहीत नाही असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि एकवीस वर्षं इतक्या इमानाने लावून ठेवलं होतं, की आत काय आहे तेच आता त्यांना माहीत नव्हतं.

"मी विसरलो," ते म्हणाले.

"मला वाटायचं तुम्ही पाळताय."

"आधी पाळत असेन. मग विसरलो."

बायकोने शर्टाची घडी घातली, ती वाकडी झाली, मग पुन्हा घातली.

"वहिनी कशा आहेत, तुला माहीत असेल," बोलके म्हणाले.

"बऱ्या आहेत. गुरुवारी बोलतो आम्ही फोनवर. गुडघे दुखतात त्यांचेही."

"दर गुरुवारी?"

"तेव्हापासून. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही." हे म्हणताना ती हसली नाही की रागावली नाही. "जाऊन या एकदा. मी येऊ का बरोबर?"

"नको. एकटाच जातो."

रविवारी ते निघाले. बायकोने पत्ता लिहून दिला होता, कुठली बस आणि कुठे उतरायचं तेही. वाटेत त्यांनी एक वाक्य तयार केलं. ते फार लांब नव्हतं. 'मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी विसरून गेलो.' बसमध्ये त्यांनी ते मनातल्या मनात चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. क्षमा मागायची की नाही, मागायची तर कशाची, हे ठरेना, म्हणून ते एवढंच ठेवलं. इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाला निदान खरं काय ते कळलं पाहिजे, या एकाच गोष्टीला ते धरून होते.

तिसऱ्या मजल्यावर लिहित्यांचं दार होतं. इमारतीला लिफ्ट होती, पण शेजारच्या जिन्याचा कठडाच जास्त झिजलेला होता. लिहित्यांनीच दार उघडलं. घरातल्या कपड्यांत ते एकदम छोटे दिसले.

"अहो, तुम्ही? बेंचवर काही राहिलं का?"

"नाही, नाही. सहज आलो."

सहज! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणे सहज. पण लिहित्यांनी तेही मान्य करून टाकलं, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि "बसा" म्हणाले. आतून त्यांची बायको आली. तिने बोलक्यांना कधीच पाहिलं नव्हतं, पण बोलली मात्र रोजच्या ओळखीतल्यासारखी.

"खोकला गेला का तुमचा? गेल्या गुरुवारी म्हणाल्या होत्या, फार आहे म्हणून. आणि अद्रक घालून चहा नाही चालत ना तुम्हाला? छातीत जळजळतं."

"हो," बोलके म्हणाले. हे लिहित्यांनासुद्धा माहीत नसेल.

ती चहा करायला आत गेली. दोघं समोरासमोर बसले. मध्ये बेंच नव्हता, पाणी वाहत नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करायचं हा प्रश्न दोघांनाही पडला. पोहण्याच्या चष्म्याचं खोकं कपाटावर न उघडता ठेवलेलं होतं. भिंतीवर मुलाचा, सुनेचा आणि नातवंडांचा फोटो होता. मुलीचा कुठे दिसला नाही. बोलक्यांनी घसा साफ केला आणि तयार केलेलं वाक्य तोंडाशी आणलं.

"त्या दिवशी तुम्ही 'एक' लिहिलंत," लिहिते आधी बोलले.

बोलके थांबले.

"मला बोलायचंच होतं तुमच्याशी. फाटकापाशी बोलणार होतो, पण जमलं नाही." लिहिते खाली बघत बोलत होते. "वहिनींनी हिला तेव्हाच सांगितलं होतं, की तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कधी बोलणार नाही म्हणून. मला हिच्याकडून कळलं. त्यामुळे तुम्हाला माहीत आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अं," बोलके म्हणाले.

"अकरा दिवस घरात माणसंच माणसं. जो येईल तो तेच बोलायचा. कसं झालं, कधी झालं, कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं. रस्त्यात तेच, दुकानात तेच. पोरगा शाळेत जाईना, मास्तर विचारतात म्हणून. बाराव्या दिवशी मी कामावर आलो. आता तुम्ही काय विचाराल, म्हणून पाय उचलत नव्हते माझे फाटकातून. आणि तुम्ही म्हणालात, बसा. आणि पहिला मीटर वाचलात."

आत कप खणखणले. लिहित्यांनी तिकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तिथे ते झालेलंच नव्हतं हो. जगात तेवढी एकच जागा होती. आठ तास मी तिथे बसायचो आणि ती आपली शाळेत गेलेली असायची. फाटकाबाहेर आलो की मग... पण आठ तास तरी. तेवढ्यावर मी घर चालवलं. हे हिलासुद्धा मी कधी सांगितलेलं नाही."

बोलक्यांनी मान हलवली.

"आणि त्या दिवशी त्या पोरीने इतक्या लोकांपुढे विचारलं, तरी तुम्ही 'एक' लिहिलंत. मोडलं नाहीत. मीच मोडलं. शेवटचा दिवस होता ना. म्हटलं तिच्या नावाने एक दिवस तरी तिथे हजेरी लागू दे. पण पाटी वर केली आणि तुमचं उत्तर ऐकलं, तेव्हा फार लाज वाटली मला. तुम्ही एकवीस वर्षं सांभाळलंत आणि मी..." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. "राग नाही ना आला?"

"छे हो," बोलके म्हणाले.

"तुम्ही काही सांगणार होतात मघाशी."

बोलक्यांचं वाक्य अजून तिथेच होतं, जिभेवर, जसंच्या तसं. त्यांनी ते एकदा मनात म्हणून बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

चहा आला. बिनसाखरेचा एक, साखरेचे दोन, अद्रक कशातच नाही. लिहित्यांच्या बायकोने कप ठेवले, दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि काय समजायचं ते समजली. ती आत गेली आणि कपाटातून एक फोटो घेऊन आली. पुढचे दोन दात पडलेली मुलगी, कपाळावर कापलेले केस, एका हातात पाण्याची बाटली. फोटो काढणाऱ्याने हस म्हटलं असणार, कारण ती तोंड मिटून हसत होती आणि तरी दात नसल्याचं कळत होतं.

"तुम्ही कधी पाहिलं नसेल ना तिला," लिहित्यांची बायको म्हणाली.

"नाही," बोलके म्हणाले. दोन दिवसांत खात्रीने सांगता आलेलं त्यांचं हे पहिलंच उत्तर होतं. लगेच त्यांना वाटलं, कुणास ठाऊक, पोराच्या शाळेच्या दारात पाहिलंही असेल.

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. आता तरी काहीतरी वाटेल म्हणून ते वाट बघत राहिले. नवरा-बायको दोघंही त्यांच्याकडे बघत होती, कुणाला घाई नव्हती. चहावर साय धरली. फोटो परत किती वेळाने द्यायचा असतो हे बोलक्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते तो तसाच धरून बसून राहिले.